अलार्मचं मूळ माकुलात
ताडोबाच्या जंगलातल्या मोहर्लीला लागून इरई धरणाचं पाणी पसरलेलं आहे. त्याच पाण्यावर चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र १९८३पासून चालतं. मोहर्लीचा मुरलेला गाइड चितळाच्या धोक्याच्या एका कॉलवर जिप्सी पळवत नाही. कॉल पुन्हा येतो का, वानर साथ देतं का, सांबर बोलतं का, हे आधी ऐकतो. वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्येही खरा अलार्म आणि नुसता कटकटीचा अलार्म असाच निवडावा लागतो. या निवडीची एक युक्ती तर प्राण्याच्याच शरीरातून आली आहे.

समजा, टाकीतली पातळी ८० टक्क्यांवर गेली की भोंगा वाजतो. पाणी हिंदकळतं: ८०.१, ७९.९, ८०.२. दर हेलकाव्याला भोंगा! उपाय असा: वाजायचं ८०ला, पण पातळी ७५च्या खाली आल्याशिवाय अलार्म मिटला असं धरायचं नाही. मधला पट्टा म्हणजे डेडबँड.

याचं कूळ मी ऑटो श्मिटकडे नेतो. १९३४मध्ये हा अमेरिकन विद्यार्थी माकुलाच्या (स्क्विडच्या) मज्जातंतूंचा अभ्यास करत होता. उत्तेजना उंबरठ्याच्या आत असेल तर तंतूतून संदेश जात नाही; उंबरठा ओलांडला की पूर्ण जोराने जातो. हा स्वभाव सर्किटमध्ये उतरवताना त्याने सुरू होण्याचा उंबरठा वर ठेवला आणि बंद होण्याचा खाली. १९३८मध्ये ते सर्किट प्रसिद्ध झालं. तोच श्मिट ट्रिगर.

रिलेवाले म्हणतील, हे आमच्याकडे आधीपासून होतं. खरंच, रिले ज्या करंटला ओढला जातो, करंट त्याहून बराच कमी झाल्यावरच सुटतो. पण ते अंतर लोखंड आणि स्प्रिंगमुळे आपसूक पडतं. श्मिटने ते हेतूने, हवं तेवढं ठेवलं. सजीवांकडून तंत्र घेण्याला ‘बायोमिमेटिक्स’ हे नावही पुढे त्यानेच दिलं. म्हणून माझा कौल माकुलालाच.

पुढचा टप्पा अलार्मच्या पुराचा. २४ जुलै १९९४ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटाआधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांवर २७५ अलार्म कोसळले. नंतर, १९९९मध्ये, ब्रिटनमध्ये ‘ईमुआ १९१’ ही अलार्मविषयीची मार्गदर्शिका निघाली. आज डेडबँडचे रूढ आकडे पातळी आणि प्रवाहासाठी ५ टक्के, दाबासाठी २, तापमानासाठी १ असे आहेत.

हे आकडे सुरुवातीपुरते. प्रत्येक टाकीचं पाणी किती हिंदकळतं ते पाहूनच पट्टा ठरवायला हवा. अलार्म कधी वाजावा यावर बैठका झडतात. तो कधी मिटला म्हणायचं, यावरही तेवढाच वेळ द्यायला हवा.