भुलवणीचे हंस

रानहंस मोठा सावध पक्षी. बंदुकीच्या टप्प्यांत तो आपण होऊन सहसा येत नाहीं. त्याला बोलवावें लागतें, आणि तेंही त्याच्याच जातभाईकडून. पाणपक्ष्यांना असें भुलविण्याची युक्ति फार जुनी आहे. अमेरिकेंतील नेवाडा राज्यांत लव्हलॉक नांवाच्या गुहेंत १९२४ सालीं, पुरून ठेवलेलीं अकरा बनावट बदकें सांपडलीं. लव्हाळ्याचीं अंगें, त्यांवर रंग आणि पिसें. वय सुमारें दोन हजार वर्षें!

परंतु लव्हाळ्याच्या पक्ष्याला हांक मारतां येत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मॅसॅच्युसेट्समधील शिकाऱ्यांनीं ही उणीव कशी भरून काढली पाहा. हंसाचें जोडपें बहुधा जन्मभर एकत्र राहतें, आणि पिलें पहिला हिवाळा आईबापांच्या संगतींत काढतात. नेमका याच मायेचा त्यांनीं उपयोग केला. पाळलेलें जोडपें तळ्याच्या कांठीं पायाला दोरी लावून बांधीत. पिलें मागें उंचवट्यावर खुराड्यांत कोंडलेलीं. आकाशांत कॅनडाकडील हंसांचा थवा दिसला कीं खुराड्याचें दार उघडावयाचें. पिलें ओरडत आईबापांकडे झेंप घेत, खालून जोडपें ओ देई, आणि वरचा थवा त्या घरगुती हांकेवर विश्वासून खालीं उतरे. मग बंदुका! आपल्याकडील फासेपारधीही पाळीव तित्तराच्या हांकेवर रानतित्तर पकडीत. पण तें पोटासाठीं. येथें बहुतांशीं धनिकांची हौस होती.

वेनहॅम तळ्यावर अशा हंसांची निगा राखणारा एल्मर क्रोवेल पुढें लांकडाचे पक्षी कोरूं लागला. जिवंत पक्षी त्यानें रोज न्याहाळले होते, तें त्याच्या हाताला उपयोगी पडलें. त्याचा एक लांकडी हंस २००७ सालीं अकरा लक्ष डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला.

१९३० नंतरच्या अवर्षणांत पाणपक्षी झपाट्यानें घटले, तेव्हां १९३५ सालीं अमेरिकन सरकारनें जिवंत पक्ष्यांची भुलवणी बंद केली. लांकडाची मात्र चालूं दिली. पुष्कळ मालकांनीं आपले हंस मोकळे सोडले. पण हंसाचें पिलूं उत्तरेची वाट शिकतें तें आईबापांमागून उडत. बांधून वाढलेल्या या पक्ष्यांना ती ठाऊकच नव्हती. पूर्व अमेरिकेंतील शहरांच्या उद्यानांत आज जे हंस बारमास मुक्काम ठोकून असतात, त्यांतील कित्येक त्यांचेच वंशज. वसंतांत वरून थवे उत्तरेकडे जातात. हे गवत चरत राहतात.