दासगावची भरती, अलिबागचा चुंबक

माझं माहेर पोलादपूरचं. तिथे सावित्रीला एकच दिशा ठाऊक, खाली. नदीचं पाणी उलटं वर चढतं, हे मी लग्न होऊन दासगावला आले तेव्हा पाहिलं. बाणकोटच्या खाडीतून आत शिरलेली भरती दासगावला येते आणि महाडच्या वेशीपर्यंत रेटते. या पाण्याच्या जोरावरच महाड एके काळी बंदर होतं. मचवे भरती धरून वर यायचे, ओहोटी धरून परतायचे. मामंजींच्या मनगटावर घड्याळ असायचं, पण भरतीसाठी ते त्याच्याकडे बघत नसत. आज तिथी कोणती एवढं विचारायचे, बोटांवर तिची पाऊणपट करायचे आणि वेळ सांगून मोकळे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अर्थात हा हिशेब दर्याकाठचा. पाणी दासगावला पोचायला लागणारा वेळ ते वरून मिळवायचे. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती. पुढे महाडच्या शाळेत विज्ञान शिकवताना हाच पाऊणपटीचा हिशेब मी फळ्यावर मांडत असे. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढीच मागे सरते. पोरांना ते पटकन कळायचं, कारण निम्म्यांच्या घरी होडी होती.

पण चंद्र नुसतं पाणीच ओढत नाही, हवाही ओढतो. जमिनीवर ती ओढ इतकी किरकोळ, की वायुभारमापकाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी चाळल्या तरच हाती लागते. शंभर किलोमीटर उंचीवर मात्र ती वाढलेली असते, आणि तिथली विरळ हवा वीजवाहक असते. ही हवा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून हलली की वीज वाहू लागते आणि तिच्या परिणामाने खाली टांगलेला चुंबक किंचित डुलतो. हे डुलणं टिपण्याचं काम आमच्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागला, शंभराहून अधिक वर्षं चालू आहे.

ते अलिबागला कसं आलं, हा किस्सा मला फार आवडतो. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. चुंबकीय नोंदी १८४१ पासूनच्या. तिथल्या चार्ल्स चेंबर्स यांनी त्या नोंदींतून चंद्राचा वाटा निराळा काढायचा खटाटोप केला आणि १८८७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने तो छापला. मग मुंबईला विजेची ट्राम हवीशी झाली. ट्रामच्या विजेने चुंबक भरकटणार, हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस यांनी ट्राम धावायच्या आधीच पर्याय उभा केला. अलिबागला लोखंड टाळून इमारत बांधली, १९०४ साली नोंदी सुरू केल्या आणि १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे जोडीने मोजमाप ठेवलं, म्हणजे जुन्या आकड्यांना नव्यांचा सांधा नीट बसावा. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. आपल्याकडे आधी मोडतात आणि मग सोय बघतात. मूस यांनी उलटं केलं.

अलिबागच्या या नोंदींचा एक धागा उत्तर ध्रुवापर्यंत जातो, म्हणून आता तिकडे वळू. जानेवारी १९५२ च्या अखेरीस बर्लिनमध्ये रिचर्ड शेरहाग यांना फुग्यांतून सोडलेल्या यंत्रांच्या नोंदींत भलतंच काही दिसलं. ऐन हिवाळ्यात तीसेक किलोमीटरवरची, म्हणजे स्थितांबरातली हवा दोन-तीन दिवसांत तीसेक अंशांनी तापली होती. कारण नीट मांडलं ते जपानच्या तारो मात्सुनो यांनी, १९७१ साली. डोंगररांगा आणि जमीन-समुद्रातला फरक यांमुळे हवेत हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात. हिवाळ्यात त्या वर चढतात आणि ध्रुवाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे गरगरणाऱ्या वाऱ्याला अडवतात. फार जोर झाला तर वारा उलटाच फिरतो. ध्रुवावरची हवा खाली बसते, दाबली जाते आणि तापते. त्याच वेळी विषुववृत्तावरचं स्थितांबर थोडं थंड होतं. असा मोठा प्रसंग दशकात साधारण सहा वेळा घडतो.

याचा आमच्या जिल्ह्याशी संबंध चंद्रामार्फत येतो. वरचे वारे आणि तापमान बदललं की वातावरणाची स्वतःची लय चंद्राच्या लयीच्या जवळ सरकते, आणि हवेतली भरती फुगते. जानेवारी २००९ चा प्रसंग फार मोठा होता. २४ तारखेच्या सुमारास ध्रुवाभोवतीचा वारा उलटला आणि २६ ला अमावस्या होती. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा पूर्वेकडे वाहणारा विजेचा झोत सकाळी जोर धरू लागला आणि दुपारी उलटा वाहू लागला. पेरूत ते दिसलं, भारतातही दिसलं. उलटण्याची वेळ रोज थोडी पुढे सरकत होती. मामंजींना हा आलेख दाखवला असता, तर त्यांनी आधी तिथी विचारली असती.

भारतातला हा झोत तिरुनेलवेलीच्या डोक्यावरून जातो. पण तिथल्या चुंबकावर सूर्यवादळांचा आणि इतर प्रवाहांचाही परिणाम होतोच. म्हणून शास्त्रज्ञ झोतापासून दूर असलेल्या अलिबागचा आकडा तिरुनेलवेलीच्या आकड्यातून वजा करतात. उरतो तो झोत. म्हणजे आमच्या शिवारात वालाच्या शेंगा भरतात, पोपटीची मडकी लागतात, त्या दिवसांत ध्रुवावर झालेल्या उलथापालथीचे इथले पडसाद ओळखायला रायगडातलं वजाबाकीचं माप लागतं.

हल्ली मात्र कुणीही उठतं आणि महाडचा पूर ध्रुवावर ढकलतं. जानेवारी २०२१ मध्ये ध्रुवावरचं स्थितांबर तापलं होतं, हे खरं. त्याच वर्षी २२ जुलैला महाड बुडालं आणि तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला, हेही खरं. म्हणून एकातून दुसरं निघालं असं म्हणता येत नाही. हिवाळ्यातल्या त्या धक्क्याचा परिणाम काही आठवडे टिकतो, सहा महिने नव्हे. २२ जुलैसाठी इतकं लांब जायची गरजही नाही. महाबळेश्वर-पोलादपूरच्या डोंगरांवर कोसळलेला पाऊस सावित्रीतून उतरत होता, गांधारी आणि काळ भरून आल्या होत्या, आणि गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे खाडीला उधाण चढत होतं.