अपत्यलिंगाची पसंती, गर्भवतीची (महाराष्ट्र)

होणारे मूल मुलगा असावे की मुलगी, याविषयी गर्भवतीच्या मनात असलेली किंवा तिने बोलून दाखवलेली इच्छा. मनातले आणि ओठांवरचे एकच असते असे नाही. सासरच्या माणसांनी विचारले की ‘काहीही होऊ दे, सुटका सुखरूप होऊ दे’ हे उत्तर तयार असते. माहेरी आईजवळ बसल्यावर तीच बाई वेगळे काही सांगते. म्हणून या पसंतीची नोंद करताना कोणी, कुठे आणि कोणासमोर विचारले हेही पाहावे लागते.

डोहाळजेवणात ती चारचौघांत विचारली जाते. हिरवी साडी, अंगावर फुलांची वाडी, समोर झाकलेल्या दोन वाट्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पेढ्याला गलका होतो. बर्फीला ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ म्हणून समजूत घातली जाते. हा फरक त्या पाटावर बसलेल्या पहिलटकरणीला बरोबर कळतो. खेळ हौसेचा असला, तरी त्यामागची ओढ जुनी आहे. गृह्यसूत्रांतला पुंसवन संस्कार मुलगा व्हावा यासाठीच सांगितलेला आहे, आणि वाकून नमस्कार करणाऱ्या सुनेला ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला आहे.

पसंती खेपेगणिक बदलते. पहिल्या वेळी अनेकींना काहीही चालते. पहिला मुलगा असेल तर ‘आता एक मुलगी हवी’ हे मोकळेपणाने बोलता येते. पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या वेळी मुलाची आस लागते. पाठोपाठ दोन मुली झालेल्या बाईची आस तर भीतीच्या अंगाने जाते. मुलगा झाला की घरात तिच्या शब्दाला वजन येते. म्हातारपणी मुलाकडे राहायचे, अग्नी मुलाने द्यायचा, शेतीच्या उताऱ्यावर मुलाचे नाव लागायचे, ही व्यवस्था ती लहानपणापासून पाहत असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध वाटा दिला. मात्र भावाच्या नावे हक्कसोड करून देणाऱ्या बहिणी आजही गावोगाव आहेत. मुलाचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, तरी मुलगी झाल्याचा बोल मात्र आईलाच लागतो.

तरीही तिला मुलगी नकोच असते, असे मानणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत मुलीचा जन्म नको म्हणणारी बाई आहे, तशी लेकीवर जीव ओवाळून टाकणारीही आहे. स्वतः जे भोगले ते लेकीच्या वाट्याला येऊ नये, या धास्तीतूनही ‘मुलगी नको’ हे शब्द येतात.

या जुन्या ओढीच्या हाती गर्भजलपरीक्षा आणि पुढे सोनोग्राफी आली, तेव्हा तिला धार चढली. मुंबईत १९८५ मध्ये गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध मंच उभा राहिला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ पासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. तरी राज्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटातल्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा ८०७ होता. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या पावणेतीनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मुलींची रांग थांबावी म्हणून ठेवलेले ते नाव त्या शाळेच्या हजेरीत रोज ऐकत होत्या.

इच्छेवर कायद्याची बंदी नाही; लिंग तपासण्यावर, सांगण्यावर आणि निवडण्यावर आहे. शिवाय त्याच्या २४ व्या कलमानुसार, उलट सिद्ध होईपर्यंत, गर्भवतीला तपासणीसाठी पतीने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असेच न्यायालय गृहीत धरते. बाईच्या तोंडून येणारी मागणी बहुधा घराची असते, याची ही कायद्याने घेतलेली दखल फार मोलाची आहे. सोनोग्राफीपूर्वी भरायच्या ‘एफ’ नमुन्यात हयात मुलगे किती, मुली किती हे विचारलेले असते आणि गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही, असे तिला लिहून द्यावे लागते. बाहेरच्या बाकावर वाट पाहणाऱ्या सासूकडून असे काही लिहून घेतले जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत, मुलींपेक्षा मुलगे जास्त हवेत असे देशातल्या १५ टक्के स्त्रियांनी सांगितले. मुली जास्त हव्यात म्हणणाऱ्या ३ टक्के होत्या. दोन मुली असलेल्या आणि मुलगा नसलेल्या विवाहित स्त्रियांपैकी ६५ टक्के जणींना आणखी मूल नको होते. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ६३ टक्के होते.