सायकल-दुरुस्ती ते लोखंडी नांगर : औंधच्या माळावरील कारखाना

१/ १८८८. बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचे दुकान काढले. विक्रीच्या जोडीला दुरुस्ती होती. यंत्र खोलावे, पुसावे, तेल द्यावे आणि पुन्हा जोडावे, या कामातून यंत्राचे अंतरंग उमगते.

२/ लक्ष्मणराव मुंबईला गेले ते चित्रकला शिकण्यासाठी. रंग ओळखण्यातील दोषामुळे ती वाट सुटली व ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले.

३/ पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर घडवला. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर ती उलथवतो. मशागत अधिक खोल. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले नांगर खपण्यास २ वर्षे लागली.

४/ अशात बेळगाव नगरपालिकेने जागा सोडावयास सांगितली. तेव्हा १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे सरसावले : कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळ आणि १० हजार रुपयांचे कर्ज.

५/ १० मार्च १९१० रोजी निवडुंग व सापांच्या त्या माळावर कारखान्याची वसाहत वसू लागली. आज हा भाग सांगली जिल्ह्यात आहे आणि स्थानकाचे नाव आहे किर्लोस्करवाडी.