काळे कपडेवाले (थायलंड)

काळे कपडेवाले : (थाई : चाय चुत दाम). एप्रिल–मे 2010 मध्ये बँकॉक येथील ‘लाल शर्ट’ आंदोलनाच्या काळात सैन्यावर गोळीबार व ग्रेनेडहल्ले करणाऱ्या, काळे कपडे आणि बहुधा तोंड झाकणारे बुरखे घातलेल्या बंदूकधाऱ्यांना दिलेले सामूहिक नाव. ते अस्तित्वात होते, हे आज फारसे कोणी नाकारत नाही. ते किती होते, कोणाच्या हुकमतीखाली होते आणि त्या दोन महिन्यांतील नेमके कोणते मृत्यू त्यांच्या खात्यावर मांडायचे, हे प्रश्न मात्र सुटलेले नाहीत. मृतांची संख्याही एकमुखाने सांगितली जात नाही. सरकारनियुक्त सत्यशोधन आयोगाने ती 92 धरली आहे, तर पीपल्स इन्फर्मेशन सेंटर या अभ्यासक-कार्यकर्त्यांच्या गटाच्या नोंदीत ती 94 आहे.

संज्ञा : जमावात घुसून दोन्ही बाजूंना एकमेकांवर भडकवणाऱ्या अज्ञात घटकाला थाई राजकीय भाषेत ‘मू थी साम’ म्हणजे ‘तिसरा हात’ म्हणतात. हा शब्द 2010 च्या आधीपासून रूढ आहे. ‘काळे कपडेवाले’ ही त्या तिसऱ्या हाताला मिळालेली ठळक आकृती होय. याच आंदोलनात आणखी एक शब्द चालला : ‘टरबूज’, म्हणजे बाहेरून हिरवा आणि आतून लाल असलेला सैनिक. गणवेशावरून निष्ठा ओळखता येत नाही, ही जाणीव तेव्हा बाजारातल्या विनोदापर्यंत पोचली होती. पुढील वाद समजून घेताना ती लक्षात ठेवावी लागते.

पार्श्वभूमी : 19 सप्टेंबर 2006 च्या लष्करी उठावात पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रा सत्तेवरून गेले. डिसेंबर 2008 मध्ये न्यायालयाने त्यांच्या समर्थकांचा सत्ताधारी पक्ष विसर्जित केल्यावर संसदेतील मतदानाने अभिसित वेच्चाचीवा पंतप्रधान झाले. संसद विसर्जित करून निवडणुका घ्याव्यात, या मागणीसाठी थाक्सिनसमर्थक लाल शर्टवाल्यांच्या आघाडीने (संक्षेप : यूडीडी) मार्च 2010 मध्ये फान फा पुलापाशी ठाण मांडले आणि 3 एप्रिलपासून राचाप्रसोंग हा व्यापारी चौक अडवला. 7 एप्रिलला आणीबाणी जाहीर झाली. उपपंतप्रधान सुथेप थौगसुबान यांच्या हाताखाली आणीबाणी हाताळणारे केंद्र स्थापन झाले. आणीबाणीच्या 2005 च्या हुकूमनाम्यातील सतरावे कलम सद्‌भावनेने व प्रमाणात कृती करणाऱ्या अधिकाऱ्यांना दायित्वातून मुक्त करते. त्यामुळे ‘समोरून गोळीबार होत होता का’ हा प्रश्न इतिहासापुरता न राहता थेट बचावाचा मुद्दा बनला.

10 एप्रिल 2010 : फान फा परिसर मोकळा करण्यासाठी दुपारी सुरू झालेली लष्करी कारवाई अंधार पडल्यावर खोक वुआ चौक आणि दिन सो रस्ता येथे बिघडली. किमान 25 जण मेले, त्यांत पाच सैनिक होते. दिन सो रस्त्यावर कर्नल रोमक्लाव थुवाथाम हे ग्रेनेडहल्ल्यात ठार झाले आणि तुकडीची कमान तुटली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने प्रत्यक्षदर्शींच्या जबान्या व चित्रफिती यांच्या आधारे 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, एके-47 व एम-16 रायफली आणि एम-79 ग्रेनेड लाँचर वापरणारे काळ्या कपड्यांतील लोक सैन्यावर मारा करत होते, असे म्हटले आहे. सैन्याने निःशस्त्र लोकांवर अनावश्यक प्राणघातक बळ वापरले, असा निष्कर्षही त्याच अहवालात आहे. नंतरच्या वादात प्रत्येक बाजूने यांपैकी सोयीचे अर्धेच वाक्य उचलले. त्या रात्री जमावाने सैनिकांच्या रायफलीही हिसकावल्या. त्यामुळे अमुक जातीचे शस्त्र म्हणजे अमुक पक्ष, हे समीकरण तिथेच मोडले.

मुरामोतो प्रकरण : त्याच रात्री रॉयटर्सचे जपानी कॅमेरामन हिरो मुरामोतो (वय 43) छातीत गोळी लागून मरण पावले. मृत परदेशी असल्यामुळे आणि वृत्तसंस्थेने पाठपुरावा सोडला नसल्यामुळे या एका मृत्यूची कागदपत्रे इतर बहुतेकांपेक्षा जास्त उपलब्ध आहेत. प्रस्तुत नोंदीत त्याला मिळालेली जागा याच कारणाने मोठी आहे. न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतील विशेष तपास विभागाने (डीएसआय) 2010 च्या अखेरीस, गोळी सैनिकांच्या बाजूने आली असावी, असे प्राथमिक मत दिले. फेब्रुवारी 2011 मध्ये, अभिसित सरकार सत्तेवर असतानाच, त्याच विभागाने भूमिका बदलली. जखमेच्या स्वरूपावरून गोळी एके-47 ची दिसते, सैन्य ते शस्त्र वापरत नव्हते, म्हणून सैन्याकडे बोट दाखवता येत नाही, असा युक्तिवाद आता पुढे आला. यात दोन सांधे कच्चे आहेत. जखमेवरून शस्त्राचे नाव सांगणे हा अंदाज असतो. तो खरा धरला तरी शस्त्र कोणत्या हातात होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. जुलै 2011 च्या निवडणुकीनंतर थाक्सिन यांच्या भगिनी यिंगलक शिनावात्रा पंतप्रधान झाल्या. विभागप्रमुखपदी थारित पेंगडित हेच राहिले, पण तपासाचा रोख पुन्हा सैन्याकडे वळला. शेवटी 30 एप्रिल 2015 रोजी, मे 2014 मधील दुसऱ्या लष्करी उठावानंतर, न्यायालयाने गोळी कोणी झाडली हे ठरवता येत नाही, असा निर्णय दिला.

से डेंग : मेजर जनरल खत्तिया सवासदिपोल यांचे रूढ नाव. सेवेत असतानाच उघडपणे लाल शर्टवाल्यांच्या छावणीत वावरणारा, तिथल्या रक्षकांना प्रशिक्षण देणारा आणि आघाडीच्या नेत्यांनाही मवाळ ठरवून डिवचणारा हा अधिकारी काळ्या कपडेवाल्यांचा सूत्रधार होता, असा सरकारचा संशय होता. 13 मे 2010 रोजी सायंकाळी परदेशी वार्ताहराशी बोलत असताना त्यांच्या डोक्यात दुरून नेमकी गोळी लागली आणि 17 मे रोजी ते मरण पावले. ती गोळी कोणाची, हे निश्चित झालेले नाही. बंदूकधाऱ्यांच्या हुकमतीबद्दल ज्याची साक्ष सर्वांत मोलाची ठरली असती, तोच माणूस कोणाहीविरुद्ध साक्ष देण्याआधी गेला.

मरणान्वेषण : सरकारी माणसांच्या हातून मृत्यू झाल्याचे दिसत असल्यास थाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 150 खाली न्यायालयीन चौकशी करावी लागते. आपल्याकडील दंडाधिकारी चौकशीशी तिचे साम्य आहे, पण थायलंडमध्ये ती प्रत्यक्ष न्यायालयापुढे, साक्षी-उलटतपासणीसह चालते. कोण, कुठे, केव्हा, कशाने मेला आणि शक्य असल्यास कोणाच्या हातून, एवढेच ती सांगते. शिक्षा देत नाही. राजकीय विशेषणांपासून ती त्यामुळेच बरीच मुक्त आहे, आणि प्रस्तुत विषयात तिचे निष्कर्ष आयोगांच्या अहवालांपेक्षा अधिक भरवशाचे मानावेत. सप्टेंबर 2012 मधील पहिल्या निर्णयात एका टॅक्सीचालकाचा मृत्यू सैनिकांच्या गोळीने झाल्याचे ठरले. 19 मे 2010 रोजी मारले गेलेले इटालियन छायाचित्रकार फाबिओ पोलेंगी यांना लागलेली गोळी सैनिकांच्या दिशेने आली, असे 2013 मध्ये न्यायालयाने म्हटले. डॉन म्युआंग भागात 28 एप्रिलला ठार झालेला सैनिकही सैनिकांच्याच बाजूच्या गोळीने मेला होता.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाट पथुम वनाराम या बौद्ध मंदिराबाबतचा. 19 मे रोजी सैन्याने राचाप्रसोंग येथील छावणी मोडल्यावर हजारो माणसे त्या आवारात आश्रयाला गेली होती. त्याच सायंकाळी तिथे सहा जण मारले गेले, त्यांत एक स्वयंसेवी परिचारिका होती. मंदिरातून बंदूकधारी गोळीबार करत होते, असे सैन्याचे म्हणणे होते. 6 ऑगस्ट 2013 रोजी दक्षिण बँकॉक फौजदारी न्यायालयाने निष्कर्ष दिला, की गोळ्या समोरच्या उन्नत रेल्वेमार्गावर आणि राम पहिला रस्त्यावर तैनात सैनिकांच्या होत्या, मृतांच्या हातांवर बारुदाचे अंश नव्हते आणि त्या जागी काळे कपडेवाले असल्याचा पुरावा नाही. म्हणजे 10 एप्रिलला दिन सो रस्त्यावर ते होते, पण 19 मेला मंदिरात नव्हते. जनमानसात मात्र हे दोन प्रसंग एकाच नावाखाली एकवटले. 2019 मध्ये लष्करी अभियोक्त्यांनी या मृत्यूंबाबत सैनिकांवर खटला न भरण्याचे ठरवले.

दारूगोळ्याचा हिशेब : लष्कराच्या नोंदींतील म्हणून प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार कारवाईसाठी 5,97,500 गोळ्या नेल्या, 4,79,577 परत आल्या, म्हणजे 1,17,923 खर्ची पडल्या. नेमबाजांच्या 3,000 गोळ्यांपैकी 2,120 परत आल्या नाहीत. काळ्या कपडेवाल्यांचा असा हिशेब अर्थातच कोणी ठेवला नव्हता.

आयोग : कनित ना नाकोर्न यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन आयोगाने सप्टेंबर 2012 मध्ये अंतिम अहवाल दिला. साक्षीसाठी सक्तीने बोलावण्याचे अधिकार त्याला नव्हते. काळे कपडेवाले होते, त्यांतील काहींचा से डेंग यांच्याशी संबंध होता आणि सैन्याने युद्धातील शस्त्रे वापरली, असे तिन्ही मुद्दे त्यात आहेत. लाल शर्ट गटांनी अहवाल पक्षपाती ठरवला. पीपल्स इन्फर्मेशन सेंटरने त्याच्या आधीच, ऑगस्ट 2012 मध्ये, आपला समांतर अहवाल काढला होता. त्याचा भर सरकारच्या जबाबदारीवर आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2013 च्या अहवालाचा कल आंदोलकांना दोष देण्याकडे आहे.

खटले : अभिसित व सुथेप यांच्यावरील हत्येचा खटला आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही, असे फौजदारी न्यायालयाने ऑगस्ट 2014 मध्ये ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ते कायम केले. भ्रष्टाचारविरोधी आयोगाने डिसेंबर 2015 मध्येच त्यांच्यावरील तक्रार निकालात काढली होती. सप्टेंबर 2014 मध्ये काळे कपडेवाले म्हणून पाच जणांना अटक झाली. कबुलीजबाब मारहाणीने घेतल्याचे त्यांचे म्हणणे होते. आरोप शस्त्रे बाळगल्याचा होता, कर्नल रोमक्लाव यांच्या हत्येचा नव्हे. जानेवारी 2017 मध्ये फौजदारी न्यायालयाने दोघांना दहा वर्षांची शिक्षा दिली व तिघांना सोडले. आघाडीच्या 24 नेत्यांना 14 ऑगस्ट 2019 रोजी दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केले गेले. आंदोलनाच्या अखेरीस सेंट्रलवर्ल्ड या व्यापारसंकुलाला लागलेल्या आगीबाबत दिवाणी न्यायालयानेही विम्याच्या वादात ‘दहशतवाद’ हा शब्द नाकारला होता. तिथे प्रश्न भरपाईचा होता, आणि पैशाच्या वादात शब्दांचे अर्थ लवकर ठरतात.

2013–14 : आता रस्त्यावर सुथेप यांच्या नेतृत्वाखालील सरकारविरोधी आंदोलक होते आणि सत्तेत यिंगलक. 26 डिसेंबर 2013 रोजी दिन डेंग येथे कामगार मंत्रालयाच्या गच्चीवर काळ्या कपड्यांतील सशस्त्र माणसे दिसली. पोलिसांनी प्रथम हात झटकले, नंतर ते पोलीसच असल्याचे मान्य केले. 1 फेब्रुवारी 2014 रोजी लाक सी येथे आंदोलकांच्या बाजूच्या एकाने मक्याच्या पोत्यात दडवलेल्या रायफलीतून गोळीबार केला. त्याला ‘पॉपकॉर्न’ हे टोपणनाव पडले आणि 2016 मध्ये प्रथम न्यायालयात शिक्षा झाली. 22 मे 2014 च्या उठावापर्यंत या आंदोलनात 28 जण मेले. ग्रेनेडहल्ल्यांपैकी बऱ्याच घटनांत आरोपी निश्चित झाले नाहीत.

आंतरराष्ट्रीय न्यायालय : लाल शर्ट आघाडीच्या वकिलांनी 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे अर्ज केला, पण थायलंडने त्या न्यायालयाची स्थापना करणाऱ्या रोम संविधीवर सही केली असली, तरी तिला मान्यता दिलेली नाही.

2020 नंतर : पुढच्या सरकारविरोधी आंदोलनांतही गोळीबार झाला. ऑगस्ट 2021 मध्ये दिन डेंग पोलीस ठाण्याबाहेर एका पंधरा वर्षांच्या मुलाला गोळी लागली, तो ऑक्टोबरमध्ये मरण पावला.