इंजिन असूनही हात का?

अमेरिकेतल्या काही जंगलांत वाटेवर पडलेला ओंडका आजही हाताने चालवायच्या विंचने ओढतात. इंजिनं असताना हा खटाटोप का, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी थोडं मागे जाऊ.

कॅलिफोर्नियातल्या युरेकाच्या जॉन डॉल्बीअरला १८८२ मध्ये वाफेवर चालणाऱ्या विंचचं पेटंट मिळालं. रेडवुडचे अजस्र ओंडके ओढणारे बैल हळूहळू मागे पडले, तोडीचा वेग वाढला. पुढे पेट्रोल-डिझेलची इंजिनं आली. मग १९६४ मध्ये वाइल्डरनेस कायदा झाला आणि राखीव रानांत अत्यावश्यक गरजेशिवाय मोटरवर चालणारी साधनं बंद झाली. तिथे पायवाटा राखणाऱ्यांच्या हाती पुन्हा दोघांनी ओढायची करवत आणि हातविंच आला.

विंच निवडताना मुख्य फरक दोराचा. साध्या रॅचेट विंचमध्ये तारदोर ड्रमवर गुंडाळतो. ड्रम भरला की ओढणं थांबतं. ग्रिपहॉइस्टमध्ये दोन जबडे दोर आळीपाळीने धरतात, दोर आरपार निघतो, त्यामुळे हवा तेवढा लांब घेता येतो. ताण फार वाढला तर दांड्यातल्या पिना आधी तुटतात. ओझं मात्र धरलेलंच राहतं.

म्हणजे हातविंच तिथे जुन्याच्या हौसेपायी टिकलेला नाही. जंगलात किती यंत्र शिरू द्यायचं, हे लोकांनी कायद्याने ठरवलं, म्हणून तो टिकला.