गाढवाचा नांगर आणि गाढवाचे श्रम : दख्खनच्या अल्पभूधारक शेतीतील एका दुर्लक्षित पशूविषयी

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या कृषी-इतिहासाचे लेखन प्रामुख्याने बैलाभोवती फिरत राहिले आहे. नांगर, मोट, पाभर, कुळव, गाडा आणि मळणी या सर्व क्रियांच्या केंद्रस्थानी बैल असल्याने हे स्वाभाविकही आहे. मात्र त्यामुळे ज्या पशूंनी शेतीची पूरक, अवजड आणि बहुधा अप्रतिष्ठित कामे केली, त्यांचा उल्लेख जातीवर्णनाच्या किंवा म्हणींच्या प्रकरणात ढकलला गेला. गाढव हे त्याचे ठळक उदाहरण होय. मराठी भाषेत गाढवावरील म्हणी विपुल आहेत. गाढवाच्या श्रमांविषयीचे लेखन मात्र अत्यल्प आहे. प्रस्तुत निबंधात दख्खनच्या लहान शेतीशी गाढवाचा व काही अंशी घोड्याचा कोणता संबंध होता, आणि हे दोन्ही पशू नांगराला का जुंपले गेले नाहीत, या प्रश्नांचा विचार केला आहे.

शापाचा नांगर

गाढव नांगराला जुंपले गेल्याचे उल्लेख आपल्या इतिहासात आहेत, परंतु ते पेरणीसाठी नव्हेत. कलिंगाचा राजा खारवेल याच्या हाथीगुंफा लेखात पिथुंड नगर जिंकून तेथे गाढवांचा नांगर फिरविल्याचा उल्लेख येतो. हा लेख सर्वसाधारणपणे इ.स.पूर्व पहिल्या शतकातील मानला जातो. त्यानंतर सुमारे सतराशे वर्षांनी हीच कृती पुण्यात घडली. इ.स. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून तेथे गाढवांचा नांगर फिरविल्याची व पहार रोवल्याची हकीकत परंपरेने सांगितली जाते. पुढे जिजाबाई व बाल शिवाजी पुण्यास आल्यावर तेथे सोन्याच्या फाळाचा नांगर धरल्याची परंपराही याच घटनेच्या संदर्भात समजून घ्यावी लागते. गाढवाच्या नांगराने भूमी ओसाड ठरते आणि बैलाच्या नांगराने ती पुन्हा वसते, असा हा संकेत होता.

याच संकेताचे दगडातील रूप म्हणजे गधेगाळ. शिलाहार काळापासून कोकणात व अन्यत्र उभारलेल्या या शिळांवर वरच्या भागात चंद्र-सूर्य, मध्ये दानलेख आणि खाली स्त्री व गाढव यांचे शिल्प आढळते. दिलेल्या भूमिदानात जो कोणी हस्तक्षेप करील त्याला उद्देशून ही शापवाणी असे. शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातील परळ येथील शके ११०८च्या (इ.स. ११८७) संस्कृत लेखात ही शापवाणी तेवढी मराठीत आहे. दानाचा तपशील पंडितांच्या भाषेत आणि धमकी सामान्यांच्या भाषेत, ही योजना पुरेशी बोलकी आहे. जमिनीच्या हक्काचे रक्षण करण्यासाठी ज्या पशूची प्रतिमा उभी केली गेली, त्या पशूला आणि त्याच्या मालकाला प्रत्यक्षात त्या जमिनीवर कोणताही हक्क नव्हता, ही विसंगती अभ्यासकांनी फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही.

या पुराव्यांवरून एक निष्कर्ष घाईने काढला जातो : गाढव अशुभ मानले गेले, म्हणून ते शेतीत वापरले गेले नाही. हा निष्कर्ष अपुरा आहे. हाथीगुंफा लेखातील व पुण्याच्या हकीकतीतील नांगर प्रतीकात्मक असला, तरी गाढवे नांगराला जुंपता येतात हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते, असाच त्याचा अर्थ होतो. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथात बैल व गाढव एकत्र जुंपून नांगरू नये असा निर्बंध आहे. जी गोष्ट कोणी करीतच नाही तिच्यावर निर्बंध घालण्याचे सहसा कारण नसते. आफ्रिकेतील बोट्स्वानात लहान शेतकरी आजही गाढवांनी नांगरतात. सेनेगलच्या भुईमुगाच्या रेताड पट्ट्यात घोडा पेरणीयंत्र ओढतो आणि गाढव हलकी कोळपणी करते. तेव्हा दख्खनमध्ये असे का घडले नाही, याची कारणे शापापेक्षा खोलवर शोधावी लागतात.

जू, वशिंड आणि काळी जमीन

पहिले कारण शरीररचनेचे आहे. भारतीय बैलाला वशिंड असते. मानेवर ठेवलेले लाकडी जू या वशिंडाला टेकून राहते आणि बैल संपूर्ण खांद्याचा जोर लावू शकतो. घोड्याला व गाढवाला वशिंड नसते. तेच जू त्यांच्या मानेवर ठेवल्यास ते सरकते, आणि गळ्याभोवती पट्टा आवळल्यास ओढताना श्वास कोंडतो. या पशूंकडून ओढीचे काम घ्यावयाचे तर छातीवरून जाणारा पट्टा किंवा खांद्यावर बसणारे भरीव गळपट्टे आवश्यक असते. युरोपमध्ये असे गळपट्टे इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकापासून दिसू लागले व बाराव्या शतकापर्यंत रूढ झाले. फ्रेंच अभ्यासक लफेव्र द नोएत याने १९३१ साली आणि अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट याने १९६२ साली या साधनाला मध्ययुगीन कृषिक्रांतीचे एक मुख्य कारण ठरविले. प्राचीन जुंपणीविषयीची द नोएत याची मते अतिशयोक्त होती, हे नंतर ज्यां स्प्रुइत याच्या प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखविले; तरी साधनाचे महत्त्व नाकारले गेलेले नाही.

अल्पभूधारकांच्या दृष्टीने यापेक्षाही उद्बोधक संशोधन जॉन लँग्डन या इतिहासकाराचे आहे. मध्ययुगीन इंग्लंडमधील नोंदींच्या आधारे त्याने १९८६ साली असे दाखविले की, जमीनदारांच्या खासगी शेतीपेक्षा लहान कुळांच्या शेतीत घोड्यांचे प्रमाण अधिक होते. ज्याला एकच पशू बाळगणे परवडते त्याला नांगरणे, कुळवणे, बाजारात माल नेणे आणि स्वारी ही सर्व कामे करणारा पशू सोयीचा ठरे. वृद्ध घोडे स्वस्तात मिळत, हेही एक कारण होते. म्हणजे घोडा हा तेथे केवळ श्रीमंतांचा पशू नव्हता.

दख्खनच्या कुणब्यापुढे हा पर्याय नव्हता. काळ्या जमिनीत हरळी व कुंदा उपटण्यासाठी लागणारा जड लाकडी नांगर ओढण्यास दोन बैलही पुरत नसत. चार, सहा, प्रसंगी आठ बैल जोडावे लागत. एवढे बैल एका घरी नसल्याने सावड, वारंगुळा आणि इर्जिक या पद्धती निर्माण झाल्या. एक बैल असलेला शेतकरी शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावी. त्याने दुसऱ्या बाजूस गाढव जुंपल्याचे उदाहरण आढळत नाही. उंची, चाल आणि जू या तिन्ही दृष्टींनी ते अशक्यप्राय होते, आणि गावात हसे झाले असते ते वेगळेच. शिवाय बैलापासून शेण मिळे, तर गाईपासून दूध आणि पुढची जोडी. माळाच्या मुरमाड, हलक्या जमिनीत गाढवाची ओढ पुरेशी ठरली असती असे म्हणता येते. परंतु त्यासाठी लागणारे साधन कोणी घडविले नाही. गावचा सुतार नांगर-कुळव भरून देई, चांभार मोट व नाडा देई. गाढवाच्या गळपट्ट्याची मागणी बलुत्यात कधी आलीच नाही.

घोड्याचे स्थान निराळे होते. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे काटक, अल्प चाऱ्यावर राहणारी म्हणून प्रसिद्ध होती व मराठ्यांच्या चपळ घोडदळाचा ती आधार होती. १८१८ नंतर ही मागणी ओसरली. तरीही तट्टू शेतकऱ्याच्या नांगराकडे वळले नाही. ते स्वारीस, टांग्यास आणि धनगरांच्या बिऱ्हाडास उपयोगी पडत राहिले. हा शेवटचा उपयोग शेतीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पावसाळ्यानंतर मेंढरांसह स्थलांतर करणारे धनगर आपला संसार, जाळी, कोकरे व लहान मुले घोड्यावर लादून नेतात, आणि शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवितात. लेंडीखताच्या बदल्यात त्यांना धान्य वा रोख मिळते. घोडा येथे नांगर ओढत नाही, परंतु त्याच्याशिवाय खताची ही फिरती व्यवस्था चालू शकली नसती. भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, ती जात टिकविण्याचे मोठे श्रेय याच फिरत्या मेंढपाळांकडे जाते.

पाठीवरची शेती

गाढवाचा शेतीशी संबंध ओढीचा नसून पाठीचा आहे. कुंभार हा बलुतेदार असल्याने त्याची मडकी, रांजण व डेरे कुणब्याच्या घरी जात आणि सुगीत त्याला धान्याचा वाटा मिळे. तळ्यातील माती भट्टीपर्यंत आणि भाजलेली मडकी बाजारापर्यंत गाढवावरून जात. गाढवाची लीदही मातीत मळली जाई. मातीवडार व बेलदार यांचे काम शेतजमिनीशी अधिक थेट जोडलेले होते. विहिरीची खणती, ताली व बांध घालणे, तळ्यांचे भराव, गाळ काढणे ही कामे गाढवांच्या मदतीने होत. गोणीत भरलेली माती गाढव अरुंद, चढाच्या वाटेने नेते. जेथे बैलगाडी उतरत नाही तेथे ते उतरते. मार्ग एकदा दाखविला की पुष्कळदा हाकणाऱ्यावाचून ते भराव्यापर्यंत जाऊन परत येते. १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्यानंतर व पुढे दुष्काळी कामांतून बांधबंदिस्तीचा विस्तार झाला, त्याचे हिशेब घनफुटांत व मजुरीत नोंदले गेले. पशूच्या श्रमाला त्यात वेगळा रकाना नव्हता.

कैकाडी समाज कणग्या, पाट्या व टोपल्या विणून शेतकऱ्याला पुरवी. त्याचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर असे, हे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनाच्या वाचकांस सांगावयास नको. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात मात्र अशा फिरस्त्यांविषयी कुणब्याच्या बाजूने तक्रारीचा सूर उमटतो. दोन्ही ग्रंथ एकाच बांधाच्या दोन बाजूंनी लिहिलेले आहेत असे वाटते. गुन्हेगार जमातींविषयीचा १८७१चा कायदा १९११ साली विस्तारल्यानंतर फिरस्तेपणच संशयास्पद ठरले. १९५२ साली तो रद्द झाला तरी संशय टिकून राहिला.

या ठिकाणी गाढवाच्या हीन स्थानाचे खरे कारण हाती लागते. बैल बाळगण्यासाठी कडबा लागतो आणि कडब्यासाठी जमीन. गाढव गायरानावर, उकिरड्यावर, बांधाच्या कडेला चरते. त्यासाठी मालकाला जमीन लागत नाही. म्हणूनच ते भूमिहीनांचे भांडवल ठरले. जमिनीवरील हक्क हेच ज्या समाजात प्रतिष्ठेचे माप होते, तेथे भूमिहीनाच्या पशूला शाप चिकटणे क्रमप्राप्त होते. शापामुळे गाढव नांगराबाहेर राहिले, यापेक्षा नांगराबाहेरच्या माणसांचे असल्याने ते शापाच्या कामी आले, हे विधान पुराव्याशी अधिक जुळते.

बाजार आणि गणना

पौष पौर्णिमेस जेजुरी येथे भरणारा गाढवांचा बाजार व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेतील बाजार ही या पशूची दोन मोठी केंद्रे होत. जेजुरीचा देव घोड्यावर बसतो आणि त्याच्या पायथ्याशी बाजार भरतो तो गाढवांचा, हा योगायोगही लक्षणीय आहे. तेथे दात पाहून भाव ठरतो. दुवान, चौवान, कोरा, अखंड जवान असे शब्द व्यवहारात आहेत. काठेवाडी गाढव उंच व पांढरे असल्याने त्याला गावठी गाढवापेक्षा अधिक किंमत मिळते. वडार, बेलदार, कैकाडी, कुंभार, वैदू आदी समाजांसाठी हा बाजार सोयरिकी जुळविण्याचे व वाद मिटविण्याचेही ठिकाण राहिला आहे. वऱ्हाडात अकोट येथे भोई समाजातील कुटुंबे गाढवांना सजवून त्यांचा पोळा साजरा करतात. ज्याच्या श्रमावर घर चालते त्याला पोळ्याचा मान, एवढाच सरळ न्याय त्यात आहे.

कायद्याने या पशूची दखल घेतली ती ओझ्याच्या संदर्भात. ओढकाम व ओझे वाहणाऱ्या पशूंविषयीच्या १९६५च्या नियमांनुसार गाढवाच्या पाठीवर ५० किलो, तट्टावर ७० किलो व खेचरावर २०० किलोपर्यंत भार लादता येतो. वीटभट्टीवर व नदीपात्रात ही मर्यादा किती पाळली जाते, हे पाहणाऱ्यास सहज कळते. भीमा व गोदावरीच्या पात्रांतून वाळूच्या बेकायदा वाहतुकीत गाढवे पकडल्याच्या बातम्याही वेळोवेळी येतात. खणती यंत्रांनी विहीर व बांधाचे काम हिरावल्यावर ही कुटुंबे तेथे कशी पोहोचली, याची चर्चा त्या बातम्यांत नसते.

पशुगणनेचे आकडे या संक्रमणाची दुसरी बाजू दाखवितात. भारतात २०१२ साली सुमारे ३.२ लाख गाढवे होती. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे १.२ लाख उरली. महाराष्ट्रातील घट सुमारे ४० टक्के होती. याच काळात देशातील घोडे व तट्टे सुमारे ६.२ लाखांवरून ३.४ लाखांवर आली. ट्रॅक्टर, टेम्पो व खणती यंत्रे, आटलेली गायराने, तसेच चीनमधील औषधी व्यवसायासाठी होणारी कातड्यांची चोरटी मागणी ही कारणे सांगितली जातात. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर उपकेंद्रात गाढवांच्या ओढशक्तीवर काम झाले आहे. गळपट्टे व हलकी अवजारे यांचा विचार होऊ लागला तो असा, ज्या कुटुंबांना त्यांचा उपयोग झाला असता त्यांनी आपली गाढवे विकून टाकावयास आरंभ केल्यानंतर.